केडगाव, नगर, हरेगाव : आईंसोबतचे पाच दिवस

गुरुवार, ३० ऑक्टोबर : केडगाव

केडगावला जायचं आईंच्या मनात होतं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय एकाहत्तर. ऑक्टोबरच्या मध्यावर एका रात्री जेवता जेवता त्या म्हणाल्या, "मला एकदा पंडिता रमाबाईंचं केडगाव बघायचंय. तुम्ही याल का सोबत?" चौदा महिन्यांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

माझी बायको, त्यांची एकुलती एक मुलगी, मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये गेली. साधा ताप म्हणून सुरू झालं आणि नऊ आठवड्यांत सगळं संपलं. त्यानंतर आई माझ्याकडेच राहायला आल्या. दोघांपैकी कोणी कोणाला सांभाळायचं हे आम्ही कधी बोललो नाही. त्या स्वयंपाक करायच्या, मी भाजी आणायचो. जेवणाआधीची प्रार्थना आमच्या घरात माझी बायको करायची. ते काम आईंनी आपसूक उचललं. मी डोळे मिटून बसायचो. शेवटी आमेन म्हणायचो, कधी तेही नाही.

उपासनेला मी दर रविवारी जात होतो, पण गीत सुरू झालं की घसा बंद व्हायचा. मातीच्या दिवशी भेटायला आलेल्यांनी जे सांगितलं होतं ते अजून कानात होतं. ती प्रभूच्या घरी गेली, आता रडायचं नाही. देवाची काही योजना असेल. तुम्ही विश्वासणारे, तुम्हीच असे खचलात तर कसं. माणसं मायेनंच बोलत होती. मला मात्र त्यातून एकच ऐकू यायचं, की माझ्या रडण्यात विश्वासाचा काहीतरी कमीपणा आहे.

आईंना हो म्हटलं आणि बेत मीच वाढवला. केडगावहून नगर, तिथून श्रीरामपूर आणि हरेगाव. घरापासून चार-पाच दिवस लांब राहायचं होतं, एवढंच कारण.

पुण्याहून दौंडकडे जाणारी सकाळची गाडी पकडली. उरुळीच्या पुढे एक बाई सीताफळांची पाटी घेऊन डब्यात चढली. मोठी, डोळे उघडलेली सीताफळं होती. माझ्या बायकोला सीताफळ फार आवडायचं. या दिवसांत आमच्या घरी बियांनी भरलेली वाटी सतत टेबलावर असायची. आईंनी पाटीकडे एकदा पाहिलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं. मीही काही बोललो नाही.

जाणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. नगर शहराला लागूनही एक केडगाव आहे. रमाबाईंचं केडगाव ते नव्हे. हे दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड लोहमार्गावरचं. रमाबाईंनी इथे सुरू केलेलं मुक्ती मिशन हे आजही मुलींचं आणि स्त्रियांचं राहतं घर आहे, प्रेक्षणीय स्थळ नाही. आधी कळवून, परवानगी घेऊनच जावं, आणि तिथे राहणाऱ्यांचे फोटो काढू नयेत.

आईंच्या पणजी इथल्या. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या अनाथ मुली आणल्या, त्यांतली ती एक. नऊ-दहा वर्षांची असेल. आपलं गाव कोणतं हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही, असं आईंच्या घरात सांगत. आईंनी हे सगळं लहानपणापासून ऐकलं होतं. आवारात पाऊल मात्र आज पहिल्यांदा टाकत होत्या. फाटकाशी त्यांनी चपला काढल्या. तशी काही रीत नाही तिथे. कोणी अडवलंही नाही.

आवार मोठं, झाडीचं. रात्री पाऊस पडून गेला होता, ओल्या मातीचा वास होता आणि कुठूनतरी मुलींचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. आम्हाला फिरवणाऱ्या बाईंनी एका व्हरांड्यात बसवलं, चहा दिला. तिथे एक वृद्ध बाई आधीपासून बसल्या होत्या. त्यांना दिसत नव्हतं. मुक्तीत अंध मुलींना शिकवण्याचं काम रमाबाईंच्या मुलीनं, मनोरमाबाईंनी सुरू केलं होतं. या बाई त्या परंपरेतल्या, लहानपणी आलेल्या आणि इथेच वाढलेल्या.

आमचे आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "कोण गेलंय तुमचं?"

मी चपापलो. आईंनी शांतपणे सांगितलं, "मुलगी."

बाईंनी प्रार्थना करू का म्हणून विचारलं नाही, धीर धरा म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी बायबलमधलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र पाठ म्हणायला सुरुवात केली. मला ते नीट माहीत नव्हतं. अंत्यविधीला तेविसावं म्हणतात, आजाऱ्याजवळ एकशेएकविसावं. अठ्ठ्याऐंशीवं कोणी म्हणत नाही. त्यातला माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारतो, तू माझी जिवलग माणसं माझ्यापासून दूर केलीस म्हणतो, तू तोंड का लपवतोस असं विचारतो. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी वळण घेतात, भरवशाची एखादी ओळ येते. हे वळतच नाही. अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं.

बाई म्हणून झाल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "मला हे आवडतं. अंधाराला अंधार म्हणतं. आणि तरी देवाच्याच पुस्तकात आहे."

चौदा महिन्यांत इतक्या मोजक्या शब्दांत माझ्याजवळ कोणी बसलं नव्हतं. ज्या पुस्तकाच्या आधारानं लोक मला रडू नको म्हणत होते, त्याच पुस्तकात हे रडणं बसलेलं होतं, कोणी पुसून न टाकलेलं. एक आख्खं पुस्तक तर विलापगीत याच नावाचं आहे. मी ती पानं उलटून पुढे जात आलो होतो.

नंतर रमाबाईंच्या कबरीजवळ गेलो. रमाबाईंचं चरित्र आपण शाळेत वाचतो ते विद्वत्तेचं आणि समाजकार्याचं. कलकत्त्यात पंडिता ही पदवी, शारदा सदन, परदेशप्रवास. त्यांची मृत्यूंची यादी कोणी सलग वाचत नाही. १८७४च्या दुष्काळात, तीर्थयात्रा करत अनवाणी भटकताना, वडील अनंतशास्त्री गेले, पाठोपाठ आई. थोरली बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ श्रीनिवास. त्याच वर्षी बिपिनबिहारींशी लग्न झालं आणि १८८२च्या फेब्रुवारीत तेही पटकीनं गेले. रमाबाईंना तेव्हा चोविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं, पदरात मनोरमा. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १८८३ सालचा, इंग्लंडमधला. सगळं गमावून झाल्यावर त्या ख्रिस्ताकडे आल्या. आणि आल्यावर गमावणं थांबलं असंही झालं नाही.

आई कबरीपाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "मनोरमा गेली तेव्हा रमाबाई केवढ्या होत्या?"

मी हिशेब केला. मनोरमाबाई २४ जुलै १९२१ला गेल्या. "त्रेसष्ट."

"आणि रमाबाई कधी गेल्या?"

"५ एप्रिल १९२२."

आईंनी बोटांवर मोजलं. "साडेआठ महिने. मला चौदा झाले."

मी तिथेच खाली बसलो. चौदा महिने मी स्वतःला विधुर समजत आलो होतो. घरी माझ्यासमोर रोज पोळ्या लाटणाऱ्या बाईचं मूल गेलंय, हे मला माहीत होतं आणि तरी माहीत नव्हतं. बायको गेलेल्या माणसाला विधुर म्हणतात, नवरा गेलेलीला विधवा. मूल गेलेल्या आईला आपल्या भाषेत शब्दसुद्धा नाही.

"त्या साडेआठ महिन्यांत काय करत होत्या त्या?" आईंनी विचारलं.

बायबलचं भाषांतर. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बाईला वाचून कळावं अशा साध्या मराठीत त्यांनी आख्खं बायबल आणलं, आणि मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम तिथल्या बायकांनीच केलं. मुलगी गेल्यावरही ते काम त्यांनी सोडलं नाही; ते हातावेगळं झालं आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या. आई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या रडत रडत लिहीत असतील. मी रडत रडत पोळ्या करते तशी."

आई रडतात हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना रडताना एकदाही पाहिलं नव्हतं.

मुक्काम चौफुल्याजवळ महामार्गावरच्या साध्या लॉजवर केला. रात्री पिठलं, बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा. प्रार्थना आईंनी केली. मी आमेन म्हणालो.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर : नगर

दौंडला गाडी बदलून दुपारपर्यंत नगर. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण बसमध्ये, रिक्षात सगळे नगरच म्हणतात.

मराठी ख्रिस्ती माणसाचं नगरशी कुठलंतरी नातं निघतंच. अमेरिकन मराठी मिशनचं इथलं काम १८३१पासूनचं. आमच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली कितीतरी गीतं ज्यांची आहेत ते नारायण वामन टिळक इथे राहिले. देवाशी अभंगाच्या आणि ओवीच्या चालीत बोलता येतं हे त्यांनी आम्हाला शिकवलं. त्यांच्या आधीच्या गीतांत बरीचशी परक्या चालींवर बसवलेली असत. दुःखाच्या वेळी हा फरक कळतो. परक्या चालीत माणूस स्तुती करू शकतो, हंबरडा मात्र आपल्याच चालीत फुटतो.

संध्याकाळपर्यंत जुन्या मिशनच्या भागात रमतगमत फिरलो. चालता चालता मी आईंना लक्ष्मीबाई टिळकांबद्दल बोललो. टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिल्या, लहान मुलाला घेऊन. पुढची चार-पाच वर्षं हा संसार दुभंगलेलाच होता. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या १९००मध्ये, आणि नवरा झाला म्हणून नव्हे, स्वतःला पटलं तेव्हा. विश्वासानं दिलासा मिळतो असं आपण सहज म्हणून जातो. या बाईंना विश्वासानं आधी ताटातूट दिली. ते लपवून सांगितलेला दिलासा मला आता नको आहे.

संध्याकाळी एका जुन्या चर्चमध्ये रविवारच्या गाण्यांचा सराव चालला होता. आम्ही मागच्या बाकावर बसलो. पेटी, तबला, दोन झांजा आणि दहा-बारा माणसं. पेटीवाले गृहस्थ साठीचे. सराव संपल्यावर ते मुद्दाम मागे आले, "जय ख्रिस्त" म्हणाले, कुठले, कोण, सगळं विचारलं. मग बाहेर पायरीवर बसून स्वतःचं सांगितलं. त्यांचा मुलगा एकोणिसाव्या वर्षी गाडीच्या अपघातात गेला. पुढे दोन वर्षं त्यांनी पेटीला हात लावला नाही.

"मग चर्चमध्ये पेटी कोण वाजवायचं?" मी विचारलं.

"कोणीच नाही. दोन वर्षं नुसत्या तबल्यावर गायले. पेटी झाकून माझ्या जागेवर ठेवलेली असायची. पाळकसाहेबांनी एकदाही विचारलं नाही कधी येणार म्हणून. मी मागे बसायचो, तुम्ही बसला होता तिथेच. मला म्हणता येत नव्हतं ते बाकीचे म्हणायचे. मी नुसतं ऐकायचो."

"आणि मग?"

"मग एका रविवारी सूर फारच खाली घेतला त्यांनी. राहवलं नाही, उठलो."

चर्चमध्ये गळा दाटून गप्प उभं राहण्याची मला लाज वाटायची. हे ऐकल्यावर कळलं की तो गप्पपणाही मंडळीत मावतो. चौघांनी पक्षाघाती माणसाला खाटेसकट उचलून, छप्पर उघडून येशूपुढे खाली सोडल्याची गोष्ट मार्काच्या दुसऱ्या अध्यायात आहे. येशूनं तिथे त्या चौघांचाही विश्वास पाहिला. खाटेवरचा माणूस तोवर काही बोललेलाच नाही.

नगरला जाऊन मासवडी खाल्ल्याशिवाय परतू नये. आम्हाला एका घरगुती खाणावळीत मिळाली, रस्सा झणझणीत होता. आईंना तिखट सोसलं नाही, दही मागवावं लागलं. शोकात असलेल्या माणसाबरोबर प्रवास करणार असाल तर एक करा, दिवसाला एकच ठिकाण ठेवा. दोन ठेवली की दुसऱ्या ठिकाणी शरीर पोचतं, मन पोचत नाही. आणि जेवणाच्या वेळा पाळा. दुःखात भूक लागल्याचं कळत नाही, नुसती चिडचिड होते, आणि ती सोबतच्या माणसावर निघते. आमचं दुपारी तसंच झालं होतं. रिक्षावरून मी आईंवर आवाज चढवला. त्यांनी ऐकून घेतलं. ते मला रात्रभर लागून राहिलं.

शनिवार, १ नोव्हेंबर : राहुरीचा पाऊस

आजचा दिवस प्रवासात गेला. एसटीनं श्रीरामपूरला निघालो आणि राहुरीच्या अलीकडे आभाळ फाटलं. दिवाळी होऊन गेलेली, थंडी पडायचे दिवस, आणि आषाढासारखा पाऊस. बस बंद पडली. सगळे उतरून रस्त्याकडेच्या शेडमध्ये उभे राहिलो, दीड तास.

शेजारी एक शेतकरी होता, पन्नाशीचा. काढून ठेवलेलं सोयाबीन भिजल्याचं सांगत होता. तक्रारीचा सूर नव्हता, थकलेला होता. आईंनी डबा उघडला, धपाटे होते, शेंगदाण्याची चटणी होती. त्याला दिले. खाता खाता त्यानं विचारलं, "कुठं निघालाय माउली?"

"हरेगावला."

"मतमाऊलीला? नवस हाय का?"

"नाही. मुलगी गेली माझी."

त्यानं हातातला धपाटा खाली ठेवला. विचारलं, "काय झालं होतं?" आणि आईंनी सांगितलं. पहिल्या तापापासून. कोणत्या दिवशी काय तपासलं, कोणत्या रात्री ती काय बोलली, शेवटच्या आठवड्यात तिनं मऊ भात मागितला आणि दोन घास खाल्ले. मला माहीत नसलेल्या गोष्टी होत्या त्यात. तो माणूस मध्ये एकदाच बोलला, "मग?" एवढंच.

लूकच्या चोविसाव्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊसला चाललेले असतात. अकरा-बारा किलोमीटरची वाट, आणि येशूच्या मरणानं मन मोडलेलं. उठलेला येशू त्यांच्या बरोबरीनं चालू लागतो, त्यांना ओळखू येत नाही. तो ओळख सांगत नाही, दुःख आवरा म्हणत नाही. आधी विचारतो, तुम्ही कशाविषयी बोलताय? त्यांनी उलट विचारल्यावर म्हणतो, कोणत्या गोष्टी? सगळं त्याच्यावरच गुजरलेलं असतं, तरी त्यांच्या तोंडून ऐकून घेतो. आमची आशा होती, असं ते म्हणतात. होती. समजावणं त्यानंतर येतं. आमच्याकडे येणारे सांत्वन करणारे बहुधा समजावण्यापासूनच सुरू करतात. मीही आजवर तसंच केलंय, कितीतरी घरांत जाऊन.

श्रीरामपूरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कपडे भिजलेले. गरम पाणी आणि मुगाची खिचडी मिळाली, आणखी काही नको होतं. रेल्वेनं येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, श्रीरामपूरच्या स्टेशनचं नाव बेलापूर आहे. नवी मुंबईतलं बेलापूर वेगळं.

रविवार, २ नोव्हेंबर : हरेगाव आणि श्रीरामपूर

पहाटे पाऊस थांबला. हरेगाव श्रीरामपूरहून जवळच, रिक्षा मिळते. साखर कारखान्याचं जुनं गाव, दोन्हीकडे ऊस. सप्टेंबरात मतमाऊलीची, म्हणजे येशूची आई मरिया हिची, मोठी यात्रा भरते तेव्हा लांबलांबून माणसं येतात, कितीतरी जण पायी. गर्दीतली भक्ती अनुभवायची असेल तर तेव्हा जावं. शांत बसायचं असेल तर इतर महिन्यांत, सकाळी लवकर.

आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्यात मरियेला विनंत्या करत नाहीत. आई दाराशी घुटमळल्या. "मी काय करू तिथे?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नुसतं बसू." आत जाऊन त्या मरियेच्या मूर्तीसमोरच्या बाकावर बसल्या. पाच मिनिटं, दहा, अर्धा तास. बाहेर आल्यावर मी काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "मी तिच्याकडे काही मागितलं नाही बरं का. पण तिचाही मुलगा तिच्यासमोर गेला. ती क्रुसापाशी उभी होती. नुसती उभी. मला तेवढंच आठवत बसले."

मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, मराठीत होती. २ नोव्हेंबर हा कॅथलिक मंडळीत सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. फादरांनी प्रवचनात लाजाराची गोष्ट घेतली, योहानाच्या अकराव्या अध्यायातली. येशू उशिरा पोचतो, लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था त्याला तोंडावर म्हणते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. त्या बोलण्याबद्दल येशू तिला रागावत नाही. फादर म्हणाले, "थोड्याच वेळात आपण लाजाराला उठवणार आहोत हे येशूला माहीत होतं. तरी तो रडला. उद्या सगळं ठीक होणार आहे हे माहीत असलं, तरी आजचं रडणं त्यानं टाळलं नाही."

पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. तो कधी गेला नव्हता. पण त्या विश्वासाच्या नावाखाली माझं रडणं काढून घेतलं जात होतं, आणि त्यामुळे मी देवापासूनच लांब झालो होतो. हरेगावच्या त्या बाकावर मला पहिल्यांदा दोन्ही एकदम धरता आली. ती उठेल. आणि ती नाही.

संध्याकाळी श्रीरामपूरला कॅथलिक दफनभूमीत गेलो. लॉजच्या मालकांनी सांगितलं होतं, आज बघाच. चिखल होता, पण कबरी धुवून पुसून लख्ख. झेंडूच्या माळा, शेकडो मेणबत्त्या. मुलं कबरींमधून पळत होती, बायका आजोळच्या गप्पा मारत होत्या. फाटकाशी एक मुलगी वही घेऊन नावं लिहीत होती. फादर ती प्रार्थनेत वाचणार होते. तिनं आम्हालाही विचारलं, "कोणाचं नाव लिहू?"

मृतांसाठी प्रार्थना करण्याची आमची शिकवण नाही. मी तसं सांगणार होतो. आईंनी नाव सांगितलं. माहेरचं, त्यांनी ठेवलेलं, वडिलांच्या नावासकट.

नावं वाचायला बराच वेळ लागला. अनोळखी नावं, एकापाठोपाठ एक, वाऱ्यानं विझणाऱ्या मेणबत्त्या पुन्हा पेटवणारे हात. आणि मध्येच तिचं नाव आलं. या गावात तिला कोणी ओळखत नव्हतं. फादरांनी ते इतर नावांसारखंच स्पष्ट वाचलं आणि सगळ्या दफनभूमीनं उत्तर दिलं.

आईंच्या तोंडून आवाज निघाला. मी तो कधी ऐकला नव्हता. त्या वाकल्या, माझा हात धरला आणि ओल्या गवतावर बसल्या. चौदा महिन्यांचं होतं ते सगळं. शेजारच्या कबरीवरची एक म्हातारी उठून आली, आपला पदर आईंच्या डोक्यावरून घेतला आणि तशीच उभी राहिली.

थोड्या वेळानं आई म्हणाल्या, "प्रार्थना करा हो. मला नाही जमत आज."

त्यांच्या शेजारी चिखलात गुडघे टेकले. काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, प्रभू, तू लाजारासाठी रडलास. आमच्याजवळ बस. हिची मुलगी तुझ्याजवळ आहे आणि हिच्याजवळ नाही. हे तुला माहीत आहे, तरी आम्ही सांगतोय. त्यापुढे शब्द संपले आणि मी मोठ्यानं रडलो. आमेन त्या म्हातारीनं म्हटलं.

पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला देवाला सर्व सांत्वनाचा देव म्हटलंय, आणि पुढे म्हटलंय की आपलं सांत्वन होतं ते आपण दुसऱ्याचं करू शकावं म्हणून. मी ते उलट्या क्रमानं अनुभवलं. आईंना धरून बसलो होतो, आणि त्यातच माझं काहीतरी सैल झालं.

सोमवार, ३ नोव्हेंबर : परतीची गाडी

सकाळी बेलापूर स्टेशनवरून गाडी. आभाळ निवळलं होतं, उन्हाला नोव्हेंबरचा कोवळेपणा आला होता. आई खिडकीशी बसून बराच वेळ झोपल्या. नगर गेलं तेव्हा जाग्या झाल्या, डबा काढला. लॉजच्या मालकीणबाईंनी भाकरी आणि मेथीची भाजी बांधून दिली होती.

त्यांनी माझ्यापुढे फडकं पसरलं, भाकरी मोडून ठेवली आणि हात जोडून माझ्याकडे पाहत राहिल्या. मी डोळे मिटले. तिची नेहमीची प्रार्थना मला शब्दान् शब्द पाठ आहे, तीच म्हटली. मध्ये एका ठिकाणी ती आमच्या दोघांची नावं घ्यायची. तिथे थांबलो, मग आईंचं नाव घेतलं, आणि तिचं.

जेवून होईतो दौंड आलं. गाडी तिथे बराच वेळ थांबली. फलाटावर एक बाई सीताफळांची पाटी घेऊन डब्यामागून डबे धुंडाळत होती. आईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिला हाक मारली.